वेरॉन कंपनी, मार्फत पृथ्वीराज

“टी-शर्ट काढ, न्हायतर जबाब दे! दोन्हीतलं एक कायतरी कर.”

“टी-शर्ट काढत न्हाई आणि जबाबबी देत न्हाई. काय करायचं ते करा,” मी म्हणलं.

“बघा, बघा कंपनीचा माज!” संपतबापू खुर्चीतनं अर्धे उठले. “तोंडावर असं बोलतीय, मग पाठीमागं काय करत असंल?”

“ओ बापू, मी कंपनी न्हाई. मी शालनचा पृथ्वीराज हाय. तुमची विहिरीतली मोटार परवा कुणी वर काढून दिली? कंपनीनं?”

“त्या वक्ताला तुझ्या अंगात हा टी-शर्ट नव्हता,” जालिंदर अण्णा म्हणाले आणि त्यांनी हातातला चिमटा दोनदा कट-कट वाजवला. म्हणजे तो विषय संपला.

अण्णा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यांनी रिटायर झाल्यावरही सोडला नव्हता. आता ते आमच्या हिंगणवाडीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, आणि गावात तंटाच होत नव्हता ही त्यांची मोठी अडचण होती. सहा वर्षांत दोन तंटे. एक शेळीचा, एक बांधाचा. बांधवाले दोघं तर बैठकीच्या आधीच चहा पिऊन आपलं आपण मिटवून आले. अण्णा त्यांच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

त्यामुळं या वेळी सगळी तयारी जंगी होती. ग्रामपंचायतीच्या हॉलात सतरंज्या, टेबलावर तांब्या-भांडं, नवं कोरं रजिस्टर. दवंडीही दिली होती. दवंडी म्हणजे गावच्या ग्रुपवर मेसेज.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सतरा वर्षांचा होतो, दहावी अर्ध्यातनं सोडलेली, आणि माझं डोकं लवकर तापायचं. अजूनही तापतं.

तंटा असा होता. संपतबापूंच्या प्रणोतीला बघायला रविवारी पलूसचे पाहुणे येणार होते. मागच्या खेपेला जुळत आलेलं स्थळ कुणीतरी कान भरून मोडलं होतं, म्हणून बापूंनी या वेळी भावकीलाही पत्ता लागू दिला नव्हता. आणि रविवारी चार वाजता पाहुणे चहाचा कप तोंडाला लावतायत तोवर दारात माणसं. कुणी विळा मागायला, कुणी विळा परत द्यायला, कुणी नुसतंच नवी साडी नेसून. मोजून त्रेचाळीस माणसं. बोलावलं नाही म्हणून भावकी रुसून बाहेर कट्ट्यावर बसली, पण पोहे घेतले. नवऱ्या मुलाच्या मामाच्या मांडीवर कुणीतरी आपलं तान्हं पोर ठेवून पाणी प्यायला गेलं ते परत आलंच नाही. पाहुणे ‘कळवतो’ म्हणाले आणि गेले.

आता सांगितलं कुणी?

अण्णांनी सोमवारी सगळं गाव तिकीट तपासावं तसं तपासलं. तुला कुणी सांगितलं? बरं, तुला कुणी? असं करत करत ते हौसाआज्जीपाशी पोचले. हौसाआज्जी ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, “मला गिरणीत कळलं बाबा. का फोनमधी कळलं? मी दोन्हीकडं बसती.”

झालं. दोन आरोपी. एक फोन, एक गिरण.

आणि गिरण आमची. पप्पा तिकडं तमिळनाडूत सेलमला सोनं गाळायच्या दुकानात, वर्षातनं एकदा जत्रेला यायचे. घर चालायचं ते आईच्या पिठाच्या गिरणीवर. संपतबापूंच्या बायकोनं, विमलकाकीनं, मंगळवारीच चारचौघींत सांगून टाकलं होतं की गिरणीनं तोंड उघडलं असंल तर आमचं दळण आजपास्नं वरच्या गावाला. आणखी दहा-बारा घरं निकालाची वाट बघत होती. गिरणीपुढं रोज वीस डब्यांची रांग असायची, ती बुधवारी सहा डब्यांवर आली. गुरुवारी चार. आईनं ते चार दळून टाकले आणि गिरण झाडून घेतली. दुपारी तीनला गिरण कुणी झाडत नाही.

म्हणून शुक्रवारी बैठक सुरू झाल्या झाल्या विमलकाकीनं ‘गिरण’ म्हणताच मी उठून ओरडलो, “माझ्या आईचं नाव घ्यायचं न्हाई! हे समदं कंपनीनं केलंय. कंपनी सगळ्यांचं ऐकती!”

मग संपतबापूंनी माझ्याकडं बघितलं. खालनं वर, वरनं खाली.

“आणि ही कोण मग?”

माझ्या अंगात वेरॉन या मोबाईल कंपनीचा केशरी टी-शर्ट होता. पुढं कंपनीचं चिन्ह, मागं मोठ्या अक्षरात ‘काही अडचण? मला विचारा!’ विट्यात एका मोबाईलच्या दुकानापुढं छत्रीखाली उभं राहून कागद वाटायचं काम मी बावीस दिवस केलं होतं. मालकाशी भांडण झालं, काम गेलं, टी-शर्ट राहिला. कापड चांगलं होतं म्हणून घालायचो. बास. एवढाच माझा आणि कंपनीचा संबंध.

“बापू, तुमचा फोन तर वेरॉनचा न्हाईच!” मी म्हणलं.

“नसू दे. सगळ्या कंपन्या भावकी असत्यात. वरनं भांडत्यात, आत वाटून खात्यात.”

“अण्णा, हा नुसता टी-शर्ट हाय हो.”

“नुसता?” अण्णा उभे राहिले. “एकतीस वर्षं मी खाकी घातली. गाडी लेट झाली, शिव्या मला. टायर फुटला, शिव्या मला. रस्त्यात खड्डा, तरी मला. तासगावात एक म्हातारी पेन्शन मिळंना म्हणून माझ्याशी भांडली. मी काय म्हणलो? आज्जी, मी नुसता कंडक्टर हाय, असं म्हणलो? न्हाई. मी म्हणलो, वर कळवतो. अंगात डगला घातला की जबाबदारी आली. आणि तुझ्या तर पाठीवर लिहिलंय मला विचारा. आम्ही इचारतोय.”

सगळ्यांनी माना हलवल्या. टी-शर्ट काढून फेकला असता, पण आतल्या बनियनला तीन भोकं होती आणि पहिल्या रांगेत प्रणोती आणि तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या.

“गुरुजी, मांडा,” अण्णा म्हणाले. “प्रतिवादी, वेरॉन कंपनी, मार्फत पृथ्वीराज.”

देठे गुरुजी रिटायर मास्तर. त्यांनी तारीख घातली, रेघ मारली आणि तसंच मांडलं.

मग अण्णांनी सगळ्यांचे फोन गोळा करायला सांगितले. बैठकीतलं बोलणं कंपनीच्या कानावर जाऊ नये म्हणून. पंगतीचं जर्मनचं मोठं पातेलं आणलं, त्यात साठ-सत्तर फोन घातले, वर झाकण, झाकणावर दगड. मी म्हणलं, “अण्णा, कंपनीपासनं लपवायचं तर मला का आत बसवलंय?” अण्णा म्हणाले, “तू प्रतिवादी. तुला ऐकायचा हक्क हाय.”

दोन मिनिटं झाली नाहीत तोवर पातेल्यात फोन वाजला. भक्तिगीत. ते भक्तिगीत अकरा जणांचं होतं. अकराही जण उठले.

“झाकण काढायचं न्हाई!” संपतबापू ओरडले.

“आवं, माझी मालकीण असंल, गाभण म्हशीला सोडून आलुय मी!”

“काढलं तर समदं आत जाईल!”

फोन वाजून वाजून थांबला, मग परत वाजला. त्या पातेल्यात त्याचा आवाज असा घुमत होता की देवळात बसल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी कुणाची म्हैस व्याली, आणि कुणाला कळलं नाही.

मग तक्रारी सुरू झाल्या. प्रणोतीचा विषय बाजूलाच राहिला. लोकांना इतकी वर्षं कंपनी कुठं भेटली नव्हती, ती आता समोर बसलेली.

एक जण म्हणाला, नकाशातली बाई माझ्या जावयाला घेऊन थेट उसात शिरली आणि उसात गेल्यावर म्हणती, आपण पोचलात. त्या बाईचं नाव-गाव काय? मी म्हणलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, तुमच्यात काम करती आणि तुला माहीत नाही? दुसरा म्हणाला, बॅटरी मुद्दाम दोन वर्षांनी मरतीय, माझ्या आज्जाचा रेडिओ अजून चालतोय. तिसऱ्याला कंपनीबद्दल तक्रारच नव्हती, त्याला पोराला नोकरी लावायची होती.

“मी एक इचारू?” देठे गुरुजींनी पेन खाली ठेवलं. “मालक स्वतः वाचतो का?”

“काय वाचतो?”

“ग्रुपवरचं. मी रोज पहाटे सुविचार टाकतो. गावातलं एक माणूस बघत न्हाई. पण ऐकलंय की तिकडं अमेरिकेत सगळं वाचत्यात. म्हणलं, वाचतच असंल तर चांगलं तरी वाचू दे. तीन वर्षं झाली, खाडा न्हाई.”

त्यांचा चेहरा इतका आशेनं भरला होता की मी म्हणलं, “वाचतो गुरुजी.”

गुरुजींनी ते रजिस्टरात मांडलं. दोन रेघा मारून.

“आता माझं ऐका,” हौसाआज्जी काठी टेकत उठली. “त्या पोराला छळू नगा. कंपनी चांगली हाय. माझी म्हस मेली, चार वर्षं झाली. ल्योक मुंबईला, सून मुंबईला. कुणी एका शब्दानं म्हणलं का, आई तुझी म्हस मेली त्याला आज वरीस झालं? परवा सकाळी फोन उघडला तर कंपनीनं म्हशीचा फोटू आणून ठेवलेला. आजच्या दिवशी चार वर्षांपूर्वी म्हणून. गाणंबी लावलं हुतं खाली. मी रडली. आयाबायांनो, कोण करतंय एवढं?”

बायकांनी पदर डोळ्याला लावले. एका मिनिटात अर्धा हॉल माझ्या बाजूला. मला वाटलं, चला, आता जिंकतोय. आणि तिथंच माझी अक्कल गेली. मला वादात जिंकायला लागलं की कशासाठी वाद घालतोय तेच आठवत नाही.

“बापू,” मी म्हणलं, “कंपनीनं तुमचं गुपित फोडलं म्हणता. कशावरनं?”

“कशावरनं? मागल्या गुरुवारपास्नं माझ्या फोनवर मांडव, लॉन, शेरवानी, हेच चाललंय. मी हे फक्त गोठ्यात बोललो, इमलसंगं. दार लावून. फोन खिशात आणि म्हस समोर. म्हशीनं तर सांगितलं न्हाई!”

“फोन दिवसभर तुमच्याच हातात असतो?”

“माझ्याच.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी प्रणोती घेती. अभ्यासाला.”

मी प्रणोतीकडं बघितलं. ती खाली सतरंजीचा धागा उपसत होती आणि शेजारच्या मैत्रिणीचे खांदे हसून हसून हलत होते.

“प्रणोती, काय शोधलं होतंस?”

“मेहंदी,” ती सतरंजीला म्हणाली. “आणि लेहंगा. आणि... पलूसमधी चांगलं पार्लर कुठं हाय ते.”

हॉल असा हसला की पातेल्यावरचा दगड खाली पडला. बापू लाल झाले. मी हात वर केले. “ऐकलं? पोरीनंच इचारलं म्हणून फोननं दाखवलं! आणि दाखवलं ते बापूंना, गावाला न्हाई. कंपनी निर्दोष हाय! लिहा गुरुजी!”

गुरुजींनी लिहायला घेतलं. अण्णांनी चिमटा कट केला. मी बाह्या वर सारत खाली बसणार तेवढ्यात विमलकाकीचा आवाज आला. मोठा नाही, साधाच.

“मग गिरणीनंच सांगितलं की.”

सगळी तोंडं दाराकडं वळली. दारापाशी आई बसली होती, केसांवर, भुवयांवर पीठ तसंच. मी स्वतःच्या हातानं कंपनी सोडवली होती. आता उरली होती ती एकटी आई.

“शालन,” अण्णा म्हणाले. आवाज एकदम मऊ. “तुला कुणी सांगितलं हुतं का, बापूच्यात पाव्हणं येणार म्हणून?”

“न्हाई.”

“मी तर गिरणीत तोंडसुदिक उघडलं नव्हतं,” विमलकाकी म्हणाली. “देवाच्यान.”

“मग तू कुणाला बोललीस का?” अण्णांनी आईला विचारलं.

“बोलली की,” आई म्हणाली. “हौसाबाईला म्हणलं, इमलच्यात पाव्हणं दिसत्यात आईतवारच्या आत. पोरीचं असंल. चांगलं झालं.”

एक बाई ‘अगंबाई’ म्हणाली. आईला खोटं बोलता येत नाही. प्रयत्नसुद्धा करत नाही ती.

“कुणी सांगितलं न्हाई, मग तुला कळलं कसं?”

“त्यात काय कळायचं?” आई म्हणाली. तिला खरंच अण्णांच्या प्रश्नाचं नवल वाटत होतं. “डबा उघडला की—”

त्या सेकंदाला मला सगळं दिसलं. सतरा वर्षं मी त्या गिरणीत वाढलो, आणि दिसलं ते तेव्हा. आई अजून दोन वाक्यं बोलली असती तर हिंगणवाडीतला एकही डबा परत आमच्या दारात आला नसता. कधीच.

“कबूल!” मी ओरडलो. “कंपनीला गुन्हा कबूल हाय!”

अण्णांचा चिमटा हातात उघडाच राहिला. “आत्ताच निर्दोष म्हणलास की?”

“खोटं बोललो. कंपनी हाय, खोटंच बोलणार. आईला कंपनीनं सांगितलं. तिच्या फोनवर मेसेज आला, संपतबापूंच्या घरी पाहुणे येत आहेत.”

“शालनचा फोन बटणाचा हाय,” मागनं कुणीतरी म्हणालं.

मी एक सेकंद थांबलो. जास्त नाही.

“म्हणूनच! मोठ्या फोनवर समद्यांचा संशय. बटणाच्या फोनवर कोण संशय घेणार? कंपनी तिथनंच शिरती.”

हॉलभर एक लांब श्वास फिरला. “केवढी लबाड,” हौसाआज्जी म्हणाली. म्हशीच्या फोटोचं ती एका क्षणात विसरली. संपतबापूंनी तर टाळी वाजवली, इतके दिवस मी हेच सांगतोय म्हणून. खरं सांगितलं तेव्हा कुणी ऐकत नव्हतं. हे मात्र सगळ्यांना एका दमात पटलं.

“पिर्थ्या, मला कुठं मेसेज—” आई म्हणाली.

“तुला वाचता येत न्हाई आई, तू गप बस!” मी तिच्यावर खेकसलो. तिला वाचता येतं. सातवी झालीय ती. पण ती गप बसली. माझ्याकडं बघत राहिली, डबा झाकताना झाकणाकडं बघते तसं.

निकाल लागायला पाऊण तास गेला, कारण शिक्षा काय द्यायची ते ठरेना. अण्णा म्हणाले, माणसावर बहिष्कार टाकणं कायद्यानं गुन्हा हाय, आपल्याला तुरुंग हुईल. पण कंपनीवर टाकला तर कायदा काय बोलत न्हाई. तर वेरॉन कंपनीवर गावाचा एक वर्ष बहिष्कार. कंपनीनं गावात यायचं नाही, कुणाच्या पंगतीला बसायचं नाही, जत्रेत मानाचा नारळ मागायचा नाही. माफीनामा गुरुजींनी सुंदर अक्षरात लिहिला, आणि मी खाली सही केली, वेरॉन कंपनीकरिता. गिरण निर्दोष, असं अण्णांनी वेगळ्या ओळीत लिहून घेतलं आणि त्या ओळीपुढं चिमट्यानं भोक पाडलं.

टी-शर्ट जप्त झाला. बनियनची तीन भोकं सगळ्या गावानं बघितली. तोवर लोक पातेल्यावर तुटून पडले होते. ज्याला त्याला आपला फोन पाहिजे होता, आणि सगळ्यात आधी हात घातला होता संपतबापूंनी.

निकालाची एक प्रत अण्णांनी कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवली. दीड महिन्यानं उत्तर आलं. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? अण्णांनी त्याच्यावर समितीची बैठक बोलावली आणि बहुमतानं दोन तारे दिले. ते पत्र अजून पंचायतीत फ्रेम करून लावलंय. पलूसच्या लोकांचा होकार त्याच्या आधीच आला होता. मामा म्हणाले म्हणे, ज्या पोरीसाठी त्रेचाळीस माणसं न बोलावता येतात ती पोर वाईट कशी असंल?

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत गिरणीपुढं चौदा डबे आले. पहिला विमलकाकीचा. ती आईला म्हणाली, “मनावर घेऊ नगं शालन, त्या मेल्या कंपनीनं डोकं फिरवलं बघ आमचं.” आई म्हणाली, “असू दे.”

बायका गेल्यावर मी दार पुढं ढकललं.

“काय बोलायला लागली होतीस तिथं?”

“खरं तेच. इमलनं मागल्या बुधवारी चार किलो हरभऱ्याची डाळ आणली. गहू दोनदा बारीक काढायला लावलं. सण न्हाई, वार न्हाई. आणि डब्यावर फडकं बांधून आणला. म्हंजी लाडू आणि पोळ्या, आणि कुणाला सांगायचं न्हाई. सांगायचं नसंल असं तिच्यात प्रणोतीबिगर काय हाय?”

“असं सगळ्यांचं कळतं तुला?”

आईनं रांगेतला एकेक डबा बोटानं दाखवला. “हिच्यात ज्वारी निम्म्यावर आली. थोरला वेगळा निघालाय, अजून गावाला म्हाईत न्हाई. हिच्यात नाचणी सुरू झाली, म्हंजी नातवाला भरवायला लागली, म्हंजी सून माहेरनं आली. गुरुजींच्यात सहा म्हैने जव दळतंय. साखर झालीय त्यांना. बायकूबिगर कुणाला बोलले नसत्याल.”

मी डब्यांकडं बघत राहिलो. सगळ्या गावानं आपले फोन पातेल्यात घालून वर दगड ठेवला होता, आणि तेच गाव इथं झाकणं उघडी टाकून घरी गेलं होतं.

“आई, हे ह्याच्यापुढं कुणाला बोलायचं न्हाई. हौसाआज्जीलाबी न्हाई.”

“मी काय कुणाला इकलं का? सहज म्हणलं.”

“सहजबी न्हाई.”

“बरं,” ती म्हणाली, आणि गिरणीच्या तोंडात ज्वारी ओतली. पट्टा फिरायला लागला. त्या आवाजात ती अजून काहीतरी म्हणाली. मी म्हणलं, काय? तिनं गिरण बंद केली.

“म्हणलं, तो पत्र्याचा डबा त्या रांगेत ढकलू नगं. तुझा हाय. भाजणी हाय थालपिठाची. तिकडं तुला करता आली न्हाई तर कुणाकडनंतरी करून घे.”

“तिकडं कुठं?”

“ते मला काय म्हाईत? तू सांगितलंस का?”

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चाकणच्या गोडाऊनमधनं नोकरीचा फोन आला होता, तो मी माळावर जाऊन घेतला होता. अठरा पूर्ण व्हायला नऊ दिवस होते, तेवढेच थांबलो होतो. पप्पांना नाही, दोस्तांना नाही. फोनवरसुद्धा काही शोधलं नव्हतं.

“कशावरनं म्हणतीस?”

“गेल्या सोमवारी न सांगता पट्टा बदललास. गिरणीचा दगड गुळगुळीत झाला हुता, त्याला टाकी लावून घेतलीस. दिव्याची वायर जोडलीस, ती दोन वर्षं लोंबत हुती.” ती पीठ भुवयांवरनं पुसत होती, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं. “तुझा बाप सेलमला जायच्या आधी असाच. एक दिवस गुमान उठला आणि सगळी कौलं फिरवून दिली. मी तवा येडी हुती, खूश झाली.”

माझं डोकं तापलं. कुणावर ते माहीत नाही.

“मी कुठं जात न्हाई,” मी म्हणलं.

“बरं,” आई म्हणाली, आणि डब्यावर फडकं बांधलं. दोन गाठी मारल्या.

तो डबा घेऊन मी दहाव्या दिवशी निघालो. आता तसाच सहावा की सातवा डबा चालू आहे, गावाकडनं कुणी इकडं आलं की येतो. काल रात्रपाळीच्या आधी तिचा फोन आला होता, बटणाच्या फोनवरनं. म्हणाली, पीठ संपलं असंल. मी म्हणलं, नाही अजून. संपलं होतं.

आता निघतो. खाली कंपनीची बस हॉर्न वाजवतीय.